आश्रमशाळेतलं आरोग्य आणि व्यायाम: जूनच्या पहिल्या आठवड्यापासून काय, कसं आणि कुणी करायचं

आश्रमशाळेत आरोग्य तपासणी होत नाही, असं म्हणता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, मुलं रांगेत उभी राहतात, कार्डं भरली जातात आणि मग ती कपाटात जातात. दीड महिन्यानंतर विचारा की ज्या अकरा मुलांना पुढे पाठवायचं होतं त्यातली किती गेली, तर उत्तर सहसा मिळत नाही. शिबिराच्या दिवसापेक्षा त्यानंतरचे सोमवार महत्त्वाचे, या समजुतीवर हा सगळा लेख बेतला आहे. नंदुरबार, पालघर, नाशिक, मेळघाट, गडचिरोली इथल्या निवासी आश्रमशाळांचे मुख्याध्यापक, अधीक्षक, अधीक्षिका आणि क्रीडाशिक्षक हे वाचत असतील, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी माणूस ठरवा, मग वही

आरोग्याचं काम "सगळ्यांचं" असलं की कुणाचंच नसतं. एक शिक्षक आणि मुलींसाठी एक अधीक्षिका किंवा शिक्षिका अशी दोन नावं लेखी नेमा. दोघांनी मिळून एकच रजिस्टर चालवायचं. प्रत्येक मुलाला एक पान: नाव, गाव-पाडा, पालकाचा किंवा शेजाऱ्याचा फोन, घरी बोलली जाणारी भाषा, सिकलसेलचा (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) निकाल, उंची-वजन, हिमोग्लोबिन, दिलेली औषधं आणि शेवटी "पुढे काय" हा रकाना. त्या रकान्यात तारीख हवी. "रुग्णालयात नेणे" एवढंच लिहिलं तर ते काम कुणी करत नाही. "१२ जुलै, ग्रामीण रुग्णालय, डोळे, सोबत अमुक शिक्षक" असं लिहिलं की निदान विचारता तरी येतं.

भाषेचा रकाना उगाच नाही. पहिलीतल्या पावरा, माडिया किंवा कोरकू मुलाला "पोटात कसं दुखतंय" हे मराठीत सांगता येत नाही. तो गप्प बसतो आणि आपण समजतो की बरं आहे. प्रत्येक भाषेतली सातवी-आठवीतली दोन मुलं दुभाषे म्हणून ठरवून ठेवा. दुखणं, मळमळ, चक्कर, खाज, जुलाब, ताप आणि "साप चावला" हे शब्द त्या भाषेत भिंतीवर लिहून ठेवले तर रात्रपाळीच्या माणसालाही उपयोग होतो. मुलींच्या पाळीच्या किंवा खासगी तक्रारींसाठी मात्र मुलगा दुभाषा चालणार नाही, त्या भाषेतली मोठी मुलगीच हवी.

उंची, वजन आणि १ जूनचा घोळ

वजनकाटा डिजिटल, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. तो सपाट फरशीवर ठेवा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर नको. दर वेळी सुरू करण्याआधी ठाऊक वजनाची वस्तू ठेवून बघा; दुकानातून आणलेलं ५ किलोचं सीलबंद पीठ चालतं. उंचीसाठी भिंतीला चिकटवलेला, फुगवटा आलेला कागदी तक्ता काढून टाका. ओळंब्यात सरळ असलेल्या भिंतीवर स्टीलची टेप पक्की बसवा. मूल अनवाणी, टाचा-नितंब-खांदे भिंतीला, नजर समोर. डोक्यावर काटकोनी फळी दाबून ०.१ सेंमीपर्यंत वाचा. मुलींचा अंबाडा किंवा वर बांधलेल्या वेण्या आधी सोडायला सांगा, नाहीतर दोन सेंमी फुकट वाढतात.

आता खरी अडचण. जनरल रजिस्टर उघडलं की निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून दिसते. दाखल्याच्या वेळी कागद नव्हता, म्हणून अंदाजाने टाकलेली ती तारीख. अभ्यासासाठी तिने बिघडत नाही, पण कुपोषण मोजताना सगळं गणित वयावर असतं. उदाहरण घ्या: मुलाची उंची १२८ सेंमी, वजन २२ किलो. २२ ला १.२८ च्या वर्गाने भागलं की बीएमआय १३.४ येतो. रजिस्टरप्रमाणे तो दहा वर्षांचा असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात उणे दोन एसडीची, म्हणजे कृशपणाची हद्द दाखवणारी रेषा १३.७ वर आहे, म्हणजे मूल कृश. तोच मुलगा प्रत्यक्षात आठ वर्षांचा असेल तर रेषा १३.३ वर येते आणि तो काठावर का होईना, वर राहतो. त्यामुळे अंगणवाडीचं रजिस्टर, लसीकरणाचं कार्ड किंवा आशाताईंची नोंद मागवा. तेही नसेल तर पालकांना सण आणि हंगामावरून विचारा: होळीच्या आधी की नंतर, भात लावणीत की कापणीत, गावातल्या कुठल्या मुलाच्या बरोबरीचा. मिळालेलं वय आरोग्य रजिस्टरमध्ये "अंदाजे वय" म्हणून वेगळं लिहा. जनरल रजिस्टरला हात लावू नका.

मोजमाप वर्षातून चार वेळा पुरे: जून, दिवाळीच्या सुट्टीआधी, सुट्टीहून परतल्यावर आणि मार्च. एकाच आकड्यावरून फारसं कळत नाही. दोन मोजमापांत वजन वाढलंच नाही किंवा घटलं, तर ते मूल त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात दाखवायचं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि घटणारं वजन एकत्र दिसलं तर क्षयरोगाची तपासणी मागून घ्या.

डोळ्यांचं काम शिक्षकालाही जमतं. तक्ता ६ मीटरवर, उजेड समोरून, एक डोळा तळहाताने झाकून (बोटांनी नको, फटीतून दिसतं). लहान मुलांसाठी फक्त "ई" असलेला तक्ता वापरा. ६/९ ची ओळ न वाचणारं मूल पुढे पाठवा. संध्याकाळी ठेचकाळणारं मूल दिसलं किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला तर अ जीवनसत्त्वाची कमतरता समजा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगासाठी दाखवा. वाहणारा कान, किडलेले दात, गलगंड यांची नोंद ठेवा आणि पथक आलं की त्यांच्यापुढे मांडा. हृदयाचा दोष किंवा फाटलेला ओठ-टाळू अशा बाबतीत पथक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं आणि उपचार मोफत होतात. तिथे अडतं ते पालकांची संमती आणि प्रवास यांवर, म्हणून पालक शाळेत आले असतील त्याच दिवशी तो विषय काढा.

रक्त: हिमोग्लोबिन आणि सिकलसेल

हिमोग्लोबिन डिजिटल मीटरवर बघायला सांगा. थंड बोटातून रक्त येत नाही, मग बोट पिळलं जातं, पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. मुलांना आधी हात चोळायला लावा. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या बाद होतात. ५ ते ११ वर्षांत ११.५ च्या खाली, १२ ते १४ मध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ८ च्या खाली तीव्र, ते मूल त्याच दिवशी रुग्णालयात.

सिकलसेल हा इथला रोजचा प्रश्न आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे मूल रुग्ण ठरत नाही. ते वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनीच कळतं. ही दुसरी चाचणी राहून जाते आणि मुलाच्या नावापुढे वर्षानुवर्षं नुसतं "सिकल" लिहिलेलं राहतं. "पुढे काय" रकान्यात ती तारीख आलीच पाहिजे. निकाल वर्गात वाचून दाखवायचा नाही. वाहक मुलीच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत ती गोष्ट पोचते.

रुग्ण मुलाची काळजी अधीक्षकाच्या हातात असते: दिवसभर पाणी (बाटली सोबत, वर्गातही), हिवाळ्यात गरम कपडे आणि कोमट पाण्याने आंघोळ, डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया न चुकता. ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरेफटक पडणं, पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. लोहाची गोळी रुग्ण मुलाला द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. सोमवारच्या वाटपात त्याच्या नावापुढे आधीच खूण करून ठेवा.

सोमवारची गोळी

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाप्रमाणे ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी (लोह ४५ मिग्रॅ, फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम) आणि १० ते १९ वर्षांच्यांना निळी (६० मिग्रॅ, ५०० मायक्रोग्रॅम). वर्षातून दोनदा जंताची ४०० मिग्रॅची अल्बेंडाझोल, चावून. रक्तक्षय सापडलेल्या मुलाला या साप्ताहिक गोळीने भागत नाही; त्याला डॉक्टरांनी सांगितलेला रोजचा डोस दोन-तीन महिने लागतो आणि नंतर पुन्हा रक्त तपासावं लागतं.

हा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने फसतो: उपाशीपोटी दिलेली गोळी. चार मुलांना मळमळतं, एक उलटी करतं, त्याला बघून आणखी वीस जणांना होतं आणि पुढच्या सोमवारी गोळ्या खिडकीबाहेर पडलेल्या सापडतात. पूर्ण जेवणानंतर, पाण्याबरोबर, आपल्या डोळ्यांसमोर द्या. शिक्षकांनी आधी स्वतः घेतलेली मुलांना दिसू द्या. शी काळी होईल हे आधीच सांगा. जेवणाबरोबर चहा नको, लोह अंगी लागत नाही. तापलेल्या मुलाला त्या दिवशी नाही. गैरहजर मुलांसाठी मंगळवार ठरलेला हवा.

खरूज एकाच रात्री संपवायची

खाजवणाऱ्या पाच मुलांना मलम दिलं तर खरूज जात नाही, फिरत राहते. सगळ्या वसतिगृहाला, स्वयंपाकी आणि कामाठी धरून, एकाच रात्री औषध लागलं पाहिजे. पाच टक्के पर्मेथ्रिन क्रीम ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये येतं. बारा वर्षांवरच्यांना एक पूर्ण ट्यूब, ५ ते १२ ला अर्धी. म्हणजे १२० लहान आणि ८० मोठी मुलं असतील तर ६० अधिक ८०, मुलांसाठी एका वेळेला एकूण १४० ट्यूब. एवढा साठा आरोग्य केंद्रात ऐनवेळी नसतो, मागणी महिनाभर आधी लेखी द्या. आयव्हरमेक्टिन गोळीचा पर्याय असतो, पण तो डॉक्टरांनी वजन बघून ठरवायचा.

शनिवारी संध्याकाळी आंघोळ, अंग पूर्ण कोरडं, मग मानेपासून तळपायापर्यंत: बोटांच्या बेचक्या, काखा, बेंबी, जांघा, नखांखाली. मुलींचं अधीक्षिकेच्या देखरेखीखाली, बंद खोलीत. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ. हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, हे सगळे विसरतात. रविवारी कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. ब्लँकेट धुणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला. आठ दिवसांनी हे सगळं पुन्हा एकदा. त्यानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते; तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजून रोज मलम चोळत बसू नका. नवीन पुळ्या आल्या तरच पुन्हा दाखवा. पू झालेल्या जखमा असतील तर त्यांना आधी वेगळे उपचार लागतात.

पाणी आणि ताट

टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम. ५००० लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. कोरडी पावडर टाकीत फेकायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी) टाकीजवळ नव्हे, सगळ्यात लांबच्या नळावर करा. पिवळा रंग येऊन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन दिसलं पाहिजे. उघड्या पोत्यातल्या टीसीएलचा जोर पावसाळ्यात उतरतो. डोस बरोबर असून रंग येत नसेल तर पावडरच बदला.

जेवणाबद्दल एकच हिशेब रोज करा: डाळ. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणाला ३० ग्रॅम डाळ धरली आहे. निवासी शाळेने यापेक्षा कमी देऊ नये. २५० मुलांना एका वेळी साडेसात किलो. कोठीतून निघालेली डाळ तराजूवर तोलून वहीत लिहिली की वरण आपोआप घट्ट होतं. मोड आलेली मटकी, कुळीथ, अंडं, नागलीची भाकरी, पालेभाजीवर लिंबू किंवा सोबत आवळा एवढं नियमित असलं तर महाग पावडरींची गरज नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कर्टुली पालकांकडून विकत घेता येतात का बघा; मुलं ती आवडीने खातात. रानातले कंद आणि अळंबी मात्र जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय कोठीत घ्यायची नाहीत.

मैदान

५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल आणि आठवड्यात तीन दिवस हाडं-स्नायूंवर जोर येणारा व्यायाम हवा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पाड्यावरचं मूल घरी असताना हे सहज करतं: गुरांमागे जाणं, पाणी आणणं, झाडावर चढणं. आश्रमशाळेच्या कुंपणात आलं की ते थांबतं, आणि मग मैदान उरतं ते कबड्डीच्या संघातल्या दहा-बारा जणांसाठी. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणलं, चंद्रपूरच्या आश्रमशाळांतल्या मुलांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट गाठलं. अभिमान वाटावा असंच आहे ते. पण निवड झालेल्या चौघांचा सराव हा शाळेचा व्यायाम कार्यक्रम नव्हे. मागे राहणाऱ्या मुलीचा ६० मिनिटांचा हिशेब आधी.

सकाळी २० मिनिटं, संध्याकाळी ४० अशी विभागणी जमते. सकाळी उपाशीपोटी पळवू नका. पाणी आणि मूठभर गूळ-चणे देऊन हलका व्यायाम घ्या. संध्याकाळी खेळ. लंगडी, दोरीच्या उड्या, खो-खो, कबड्डी यांत हाडांवरचा जोर आपोआप येतो. धनुर्विद्या शिकवणारा माणूस गावातच सापडू शकतो, पण निशाणाच्या मागे मातीचा बांध असल्याशिवाय आणि सगळ्यांनी बाण सोडून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम पाळता येत नसेल तर तो खेळ सुरूच करू नका.

धावण्याचा ट्रॅक आखायला खर्च नाही. मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोका, ३१.८३ मीटर दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाने फक्की टाकत फिरा: २०० मीटरचं वर्तुळ, तीन फेऱ्या म्हणजे ६०० मीटर. जागा कमी असेल तर दोरी १५.९२ मीटर, वर्तुळ १०० मीटरचं, सहा फेऱ्या. दोरी सुताची नको, ती ताणली जाते. खेलो इंडियाच्या चाचणीतला ६०० मीटर धाव-चालचा भाग इथेच होतो. ५० मीटर वेगळ्या सरळ रेषेत घ्या. जुलै आणि फेब्रुवारीत वेळ नोंदवा आणि मुलाला त्याचाच मागचा आकडा दाखवा. भिंतीवर क्रमवारी लावली की शेवटची पंधरा मुलं दुसऱ्या चाचणीला पोटदुखी सांगतात.

नवीन किंवा लवकर दमणाऱ्या मुलांसाठी पहिले दोन आठवडे एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, सहा वेळा. पुढचे दोन आठवडे दोन-दोन, पाच वेळा. मग तीन मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल, पाच वेळा. एखादं मूल या पायरीवर अडलं तर "आळशी" म्हणण्याआधी त्याचं हिमोग्लोबिनचं पान बघा. तीव्र रक्तक्षय असलेल्या मुलाला उपचार होईपर्यंत धावायला लावायचं नाही. सिकलसेल रुग्ण मुलाला बाकावर बसवून ठेवणंही चूक आहे. डॉक्टरांना विचारून त्याला खेळात घ्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी आणि विश्रांती, दम लागला की स्वतःहून थांबायची मुभा. चुरशीची शर्यत, थंड पाण्यात डुंबणं आणि शिक्षा म्हणून फेऱ्या या तिन्ही त्याला बंद. वाहक मुलं सगळं खेळू शकतात, फक्त उन्हात पाण्यावाचून नको. मार्च-एप्रिलमध्ये मैदान सकाळी आठच्या आत आटपा.

अनवाणी पळणं ही तिथली सवय आहे, पण शौचालयाकडे जाताना चप्पल हवीच. अंकुशकृमी बहुतेक वेळा तळपायातून शिरतो. मुली खेळत नाहीत त्यामागे पुष्कळदा मापाची हाफपँट किंवा पॅड नसणं एवढंच कारण असतं. दोन्ही गोष्टी अधीक्षिकेच्या कपाटात, न मागता घेता येतील अशा जागी ठेवा. विदर्भाच्या शाळांत खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सातवी-आठवीतच सुरू होतो. झडतीपेक्षा पानठेला शाळेपासून १०० यार्डांच्या बाहेर हलवण्याचा कायदा अमलात आणणं जास्त कामाचं.

रात्रीचे दोन धोके

ताप: गडचिरोलीसारख्या भागात हिवतापाची रक्तचाचणी त्याच दिवशी, आशाताईंकडच्या किटवर. पॅरासिटामॉल देऊन "बघू उद्या" नाही. सुस्ती, झटके, मान ताठ, धाप, लघवी कमी यातलं काही दिसलं तर १०८.

साप: जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावतो तेव्हा पुष्कळदा दुखत नाही, सूज नसते, दातांची खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पहाटेची पोटदुखी आणि अर्धे मिटलेले डोळे म्हणजे साप चावला असंच धरा. मुलाला चालू देऊ नका, चावा हातापायावर असेल तर त्याला काठी बांधून हलणार नाही असं करा, कडं-दोरा काढा, वेळ लिहा. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं नाही. कुणी भगताला बोलावलं तर वाद घालण्यात वेळ दवडू नका, त्यांनाही गाडीत बसवून घ्या. सर्पविषाची लस आणि श्वास देण्याची सोय नक्की कुठे आहे, हे जूनमध्येच विचारून दारामागे लिहून ठेवा, रेंज मिळणाऱ्या जागेसह. खाट, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, बॅटरी आणि धान्याची कोठी झोपण्याच्या खोलीपासून लांब एवढ्यावर बराच धोका टळतो, कारण साप उंदरांमागे येतो.

सुट्टीनंतर

दिवाळीनंतर आणि होळीनंतर मुलं उशिरा परततात. काही ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात. परतलेल्या मुलाला वर्गात पाठवण्याआधी वजन, ताप, खरूज आणि चुकलेल्या गोळ्या बघा. जाताना सिकलसेल रुग्ण मुलाबरोबर सुट्टीभराचं औषध आणि कार्ड द्या आणि पालकाला, त्याच्या भाषेत, कोणत्या लक्षणांवर दवाखान्यात न्यायचं ते सांगा. महिनाभर न आलेल्या मुलाचं पान बंद करायचं नाही. त्याच्या गावच्या आशाताईंना फोन करून "पुढे काय" मध्ये नवी तारीख टाका. आणि अधीक्षकांची बदली झाली तर चार्ज देण्याच्या यादीत गाद्या, भांडी, कपाटाच्या किल्ल्या यांच्या बरोबरीने हे रजिस्टरही सहीनिशी लिहून घ्या.